नवा लॅपटॉप, कोरी विंडोज: फॉरमॅट मारण्याआधी, मारताना आणि नंतर

फॉरमॅट मारणं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, हे तासाभराचं काम आहे. त्याआधीच्या तयारीला मात्र एक निवांत संध्याकाळ लागते, आणि बहुतेक घोळ ही संध्याकाळ वाचवायला गेल्यामुळे होतात. डिस्क पुसून झाल्यावर आठवतं की मायक्रोसॉफ्ट ऑफिस कुठल्या ईमेलवर आहे ते पाहिलंच नाही, वायफायचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवून ठेवला नाही, आणि आता तो उतरवायला इंटरनेटच नाही. म्हणून इथे निम्मी जागा 'आधी काय' यालाच दिली आहे. सगळं विंडोज ११ बद्दल आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या यंत्रावर जुनी विंडोज टाकायच्या भानगडीत पडू नका.

मुळात गरज आहे का?

नव्या लॅपटॉपवर विंडोज असतेच, मग पुन्हा कशाला? पहिलं कारण म्हणजे कंपनीने भरून दिलेला पसारा: महिनाभर चालणारा अँटिव्हायरस, गेम्स, खरेदीची ॲप्स, 'आता नोंदणी करा' म्हणत उघडणाऱ्या खिडक्या. यातलं बरंचसं अनइन्स्टॉल करता येतं. फक्त याच्यासाठी अख्खी डिस्क पुसायची की नाही हे तुमच्या स्वभावावर आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. स्वस्त पडतो म्हणून 'डॉस'वाला लॅपटॉप घेतलेला असतो, म्हणजे ज्याच्यासोबत विंडोजचं लायसन्स येतच नाही असा. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा घराजवळच्या दुकानात 'विंडोज, ऑफिस, सगळं टाकून देतो' असं म्हणून कोणीतरी ते टाकून देतं. हे ओळखायला सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जा. 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट झाल्याचं लिहिलं असेल तर सहसा ठीक. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'ने झाल्याचं लिहिलं असेल आणि लॅपटॉप ऑफिसने दिलेला नसेल, तर विचारा स्वतःलाच की ही ऑर्गनायझेशन कुठली. बहुधा ती क्रॅक टूलने, म्हणजे लायसन्सशिवाय चोरून, ॲक्टिव्हेट केलेली असते. असली टूल्स चालावीत म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केलेला असतो किंवा त्यात अपवाद घातलेले असतात. अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकू नये. ते पुसायलाच हवं, मात्र पुसल्यावर लायसन्स विकत घ्यावं लागेल हे धरून चाला.

तिसरं कारण म्हणजे शोरूममधला डेमो पीस किंवा कोणीतरी परत केलेला लॅपटॉप. तो पुसाच, चर्चाच नको.

यापैकी पहिल्याच गटात असाल तर एक मधला मार्ग आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढच्या पडद्यावर सेटिंग बदलता येतात. तिथे कंपनीची ॲप्स परत टाकायची का असा प्रश्न दिसला तर नाही म्हणा. यात ड्रायव्हर शाबूत राहतात, पेनड्राइव्ह लागत नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरावं लागत नाही. आईबाबांचा लॅपटॉप लांबून फोनवर समजावत करायचा असेल, तर मी हाच मार्ग सांगतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवरही हेच बरं, कारण त्याला एआरएमची, म्हणजे त्या जातीच्या प्रोसेसरची, वेगळी फाइल लागते आणि इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड-टचपॅड चालेलच याची खात्री नसते.

पुढचं सगळं इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप मुळापासून कोरा करायचा असणाऱ्यांसाठी.

आधी लॅपटॉप तपासा, मग पुसा

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. त्या मुदतीत तो कंपनीच्या मूळ विंडोजवरच वापरा. पडद्यावर पांढरा, काळा, लाल रंग भरून मेलेले ठिपके शोधा. प्रत्येक कळ दाबा, सगळ्या यूएसबी जागा, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर पाहा, झाकण मिटून झोपवा आणि उघडा. स्पीकर खरखरत असेल आणि विंडोज तुम्ही बदललेली असेल, तर 'तुमच्या ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर तयार असतं. मूळ विंडोजवरच दोष दिसला की वाद उरत नाही.

याच दिवसांत कंपनीच्या अपडेट ॲपमधून बायोस अपडेट करून घ्या. बायोसच्या बऱ्याच फाइली विंडोजमधूनच चालतात, ते काम आत्ता सोपं आहे. चार्जर लावलेला असू द्या. मुंबईत वीज सहसा जात नाही, १२ ऑक्टोबर २०२० सारखा, शहरभर वीज गेलेला दिवस विरळा. पण सोसायटीत कोणीतरी मेन स्विच पाडतंच, आणि बायोस अपडेटच्या मध्येच बंद पडलेला लॅपटॉप थेट सर्व्हिस सेंटरला न्यावा लागू शकतो.

चार गोष्टी लिहून, उतरवून ठेवा

एक, विंडोजची आवृत्ती. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' येते. तिची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, मदरबोर्डवरच (लॅपटॉपमधल्या मुख्य सर्किटवर) साठवलेली असते. ही पद्धत विंडोज ८ पासूनची, म्हणजे २०१२ पासूनची. इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो आणि तीच आवृत्ती टाकतो, त्यामुळे की शोधत बसायची गरज नाही. 'प्रो टाकून देतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मदरबोर्डवरची की होमची असेल तर त्याने टाकलेली प्रो त्या कीने ॲक्टिव्हेट होणार नाही.

दोन, ऑफिस. इथे सर्वात जास्त लोकांचे पैसे बुडतात. लॅपटॉपसोबत 'ऑफिस होम' आलं असेल तर ते डिस्क पुसण्याआधी स्वतःच्या, कायमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. वर्ड उघडा, साइन इन करा, ॲक्टिव्हेट झाल्याचं बघा. मग ब्राउझरमध्ये खात्याच्या पानावर जाऊन 'सर्व्हिसेस'मध्ये ऑफिस दिसतंय याची खात्री करा. या सवलतीला मुदत असते: विंडोज पहिल्यांदा ॲक्टिव्हेट झाल्यापासून १८० दिवस. दुकानातला मुलगा 'सर, सेट करून देतो' म्हणत स्वतःच ईमेल बनवतो, पासवर्ड बिलामागे पेन्सिलने लिहून देतो, आणि ऑफिस त्या ईमेलला जोडलं जातं. त्याला नम्रपणे सांगा की खोका बंदच द्या.

तीन, ड्रायव्हर. लॅपटॉपच्या पोटावरचा सीरियल नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर टाका. नेमक्या तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर दिसतील. सगळे आत्ता उतरवायची गरज नाही. वायफाय आणि स्टोरेज, म्हणजे डिस्कचा, हे दोन मात्र हवेतच. स्टोरेजचा ड्रायव्हर इंटेलच्या यंत्रांवर 'रॅपिड स्टोरेज' किंवा 'व्हीएमडी' अशा नावाने सापडतो. तो बहुधा एका चालवायच्या फाइलच्या रूपात येतो. इन्स्टॉलरला अशी फाइल चालत नाही, त्याला आतल्या सुट्या फाइली लागतात. तेव्हा त्या आत्ताच काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. 'आयएनएफ' शेपटीची फाइल त्या फोल्डरमध्ये दिसली म्हणजे बरोबर काढलंत.

चार, एन्क्रिप्शनची रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ४८ आकडी की तुमच्या ऑनलाइन खात्यात जाते. डिस्क पुसायचीच आहे तर तिचा काय उपयोग? उपयोग असा की बायोसमध्ये एखादं सेटिंग बदललंत आणि मध्येच विचार फिरला, तर जुनी विंडोज उघडताना ती हीच की मागेल. खात्याच्या पानावरून ती कागदावर उतरवून घ्या.

शिवाय कंपनीचा स्वतःचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवता येत असेल तर तोही बनवा. एचपीचं क्लाउड रिकव्हरी, डेलचं ओएस रिकव्हरी टूल, लेनोव्होची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी सर्व्हिस ही त्यासाठीच आहेत. पुढेमागे लॅपटॉप अगदी कारखान्यातून आला तसा करायचा झाला तर याच्याशिवाय मार्ग नाही, कारण डिस्कवरचा छुपा रिकव्हरी भाग आपण उडवणार आहोत.

पेनड्राइव्ह बनवणं

किमान ८ जीबीचा लागतो. १६चा घ्या, म्हणजे ड्रायव्हरचे फोल्डरही त्यातच मावतील. नावाजलेल्या कंपनीचा, बिलासह. स्टेशनबाहेरच्या पथारीवर '२ टीबी' लिहिलेला पेनड्राइव्ह दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याच्या आत तेवढी जागा नसते, फक्त तेवढी दाखवण्याची सोय केलेली असते. फाइली जाताना दिसतात, वाचताना सापडत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या विंडोज ११ डाउनलोडच्या पानावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या. टूल चालवा, भाषा निवडा, पेनड्राइव्ह दाखवा, बाकी ते करतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल. डाउनलोड काही जीबींचं असतं. फोनच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते होणार नाही, घरच्या फायबरवर रात्री लावून द्या. टेलिग्रामवरच्या 'हलक्या', 'गेमिंग स्पेशल' वगैरे विंडोजच्या वाटेला जाऊ नका. आत कोणी काय घातलंय हे कळायला मार्ग नसेल तर मग क्रॅकवाली विंडोज काय वाईट होती?

भाषा निवडताना थोडं थांबा. सिंगल लँग्वेज आवृत्तीत पडद्यावरची भाषा एकच. नंतर सहज बदलता येत नाही. याचा मराठी टंकलेखनाशी काही संबंध नाही, ते कुठल्याही आवृत्तीत होतं.

ज्यांना रुफस हे मोफत टूल माहीत आहे त्यांनी ते खुशाल वापरावं. आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या, पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा. सुरू करताना रुफस काही पर्याय विचारतं; ऑनलाइन खात्याची सक्ती काढणं आणि आपोआप होणारं एन्क्रिप्शन थांबवणं हे त्यातले दोन. पहिला तुमच्या मर्जीवर. दुसऱ्याला मात्र मी हात लावत नाही, कारण पुढे येईल.

पेनड्राइव्ह तयार झाला की ड्रायव्हरचे फोल्डर त्यावर कॉपी करा.

बूट करणं

लॅपटॉप पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलंत तर तो खरोखर बंद होतो, अर्धवट झोपत नाही. पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको. सुरू करताच बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबत राहा: एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला एफ१२, असूसला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरलाही एफ१२, पण तो मेनू काही मॉडेलवर आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. लेनोव्होच्या काही आयडियापॅडवर बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात सिमची पिन घातली की मेनू येतो. यादीत तुमच्या पेनड्राइव्हचं नाव दिसेल, ते निवडा.

सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद करा, टीपीएम (सुरक्षेची चिप) बंद करा, लेगसी मोड (सुरू व्हायची जुनी पद्धत) लावा असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्टच्या टूलने बनवलेल्या पेनड्राइव्हला यातलं काहीही लागत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय हवीच असते. ती आपणच कशाला मोडायची?

डिस्कच दिसत नाही तेव्हा

पहिल्या पडद्यांवर भाषा, मग कीबोर्ड. वेळ आणि चलनासाठी इंग्लिश इंडिया निवडा. कीबोर्डला यूएस किंवा इंग्लिश इंडिया. इंडिया निवडलात तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह उमटतं. चुकून यूके निवडलात तर ॲट द रेटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते, आणि मग ईमेल लिहिताना बोटं गोंधळतात. पुढे 'इन्स्टॉल विंडोज ११' निवडा, सगळं पुसलं जाईल ही सूचना मान्य करा. की मागितलीच तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढे जा.

आता डिस्कची यादी यायला हवी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर इथे यादी रिकामी येते, आणि नवखा माणूस समजतो की एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्कच, गेली. गेलेली नसते. इंटेलचं व्हीएमडी हे डिस्क हाताळण्याचं सेटिंग चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो, इतकंच. 'लोड ड्रायव्हर' दाबा, पेनड्राइव्हवरचं ते आयएनएफवालं फोल्डर दाखवा, व्हीएमडी नावाचा ड्रायव्हर निवडा. काही क्षणांत डिस्क उगवते. दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. तोही चालतो, पण पुढे कधी बायोस रिसेट झाला आणि व्हीएमडी परत चालू झालं तर विंडोज सुरू होताना अडखळेल. ड्रायव्हरचा मार्ग सरळ.

पार्टिशन उडवणं

इथे हात थोडा आवरा. यादीत 'डिस्क ०', 'डिस्क १' असं दिसतं. एक लॅपटॉपची, दुसरी कदाचित तुमचा पेनड्राइव्ह, किंवा लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क. घरातल्या फोटोंची हार्ड डिस्क या वेळी लॅपटॉपला लावलेली असता कामा नये, कपाटात असावी. आकार बघून लॅपटॉपची डिस्क ओळखा. ५१२ जीबीची एसएसडी इथे साधारण ४७६ दिसते. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, एकेक करून 'डिलीट पार्टिशन'ने उडवा: छोटं सिस्टिमचं, मोठं मुख्य, शेवटची रिकव्हरीची. एकच 'अनअलोकेटेड' पट्टा उरला की तोच निवडून नेक्स्ट दाबा. लागणारे छोटे भाग विंडोज स्वतः बनवते.

'सी आणि डी ड्राइव्ह करून द्या' ही आपल्याकडची जुनी सवय आहे. डिस्क बिघडली तर दोन्ही एकत्रच जातात, त्यामुळे डी म्हणजे बॅकअप नव्हे. ५१२च्या एसएसडीवर मी एकच ठेवतो. दोन हवेच असतील तर आत्ता करा: सीला २०० जीबी द्यायचे म्हणजे २०४८०० हा आकडा, कारण तिथे एमबीत लिहायचं असतं.

फाइली कॉपी होताना लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू होतो. पहिल्या रिस्टार्टनंतर पुन्हा भाषा विचारणारा पडदा आला तर तो पेनड्राइव्हवरून परत सुरू झालाय. पेनड्राइव्ह काढा आणि रिस्टार्ट करा.

पहिला साइन इन

देश भारत, कीबोर्ड मघाचाच. नेटवर्कच्या पडद्यावर वायफायची यादी रिकामी असेल तर 'इन्स्टॉल ड्रायव्हर' बटणाने पेनड्राइव्हवरचा वायफाय ड्रायव्हर द्या. तेही नाही जमलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आयफोनला लागतो, तेव्हा शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागा.

खातं तेच वापरा ज्याला ऑफिस जोडलंय. जाहिरात, लोकेशन, टायपिंगची माहिती पाठवणं वगैरे स्विच इथेच बंद करा, नंतर कोणी शोधत जात नाही.

आत गेल्यावर पुन्हा ॲक्टिव्हेशन बघा. मग डिव्हाइस एन्क्रिप्शन. ते चालू असेल तर राहू द्या: लोकलच्या गर्दीत बॅग हरवली तर लॅपटॉप जातो, पण आतले कागद कोणाला उघडता येत नाहीत. नवी विंडोज म्हणजे नवी रिकव्हरी की. मघाचा कागद फाडा, नवी उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

ड्रायव्हर, आणि कंपनीचं सगळंच कचरा नसतं

आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीन रिस्टार्ट धरून. मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर दिसतील, तेही घ्या. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह उरलं असेल तर त्या भागाचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून टाका. चिपसेट आधी, मग ग्राफिक्स, मग आवाज.

आवाजाबद्दल तक्रार हमखास येते: फॉरमॅटनंतर स्पीकर पातळ, पत्र्यासारखे वाजतात. विंडोजचा साधा ड्रायव्हर आवाज काढतो, पण त्या लॅपटॉपच्या स्पीकरसाठी कंपनीने केलेली जुळवणी त्यात नसते. कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतचं ॲप टाकलं की आवाज भरतो.

तसंच लेनोव्हो व्हँटेज किंवा मायअसूस. पसारा नको म्हणून हे टाकायचंच नाही असं ठरवू नका. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय त्यातच असते, आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याच्या बॅटरीला तिचा खरा फायदा होतो. असूसच्या गेमिंग लॅपटॉपवर कोऱ्या विंडोजमध्येही 'आर्मरी क्रेट टाकायचं का' अशी खिडकी उगवते. व्हायरस नाही तो, असूसचंच ॲप आहे. बायोसच विंडोजला ते सुचवतो. नको असेल तर बायोसमध्ये तो पर्याय बंद करता येतो.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर विंडोजचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

मराठी

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. मराठी जोडा, तिच्या पर्यायांत कीबोर्ड म्हणून 'मराठी फोनेटिक' घ्या. शाळेत किंवा कार्यालयात इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांनी तोच ठेवावा, वेगाने होतं. विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते.

कोऱ्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी निर्मला फॉन्ट असतो, पण मंगल, कोकिळा, अपराजिता हे नसतात. सरकारी कार्यालयांतून येणाऱ्या वर्ड फाइली बऱ्याचदा मंगलमध्ये असतात, आणि मग ओळी सरकतात, तक्ते फुटतात. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून टाका, हे सगळे एकदम येतात.

आता ऑफिस खात्याच्या पानावरून उतरवा, ब्राउझर, यूपीएसचं किंवा प्रिंटरचं जे काही लागतं ते टाका, आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापरा. झाकण मिटल्यावर झोपतो का, बोटाचा ठसा ओळखतो का, व्हिडिओ कॉलवर माइक चालतो का हे त्यातच कळेल. सगळं मनासारखं झालं की पेनड्राइव्ह कोरा न करता त्यावर मॉडेलचं नाव लिहून बिलासोबत खोक्यात ठेवा.